उकिरडा, खड्डा आणि जयणा



चातुर्मास जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो: भाजीची सालं आणि वाडीतला पाचोळा कुजवून खत करणं आपल्याला चालतं का? त्यात केवढे जीव उत्पन्न होतात! प्रश्न खरा आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. पण उत्तराआधी या खताचा इतिहास पाहू.

सुरुवात आपल्याच घरातून. साधू-साध्वींच्या पाच समितींपैकी पाचवी, पारिष्ठापनिका समिती, ही टाकण्याविषयीच आहे. जे टाकायचं ते जीव नसलेली जागा पाहून, जपून टाकायचं. आपण श्रावक ताट धुऊन पितो तेही याच विचाराने, कारण ४८ मिनिटांच्या आत उष्ट्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात असं आपण मानतो. प्रज्ञापना सूत्रात या जीवांच्या उत्पत्तीची १४ स्थानं सांगितली आहेत, त्यांत गावाची गटारंसुद्धा आहेत. म्हणजे ‘टाकलं की संपलं’ हा विचार आपल्या धर्मात कधीच नव्हता. टाकलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, याची जबाबदारी टाकणाऱ्याचीच.

आता आपलं रेवदंडा. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी, अलिबाग, थळ हा सगळा पट्टा अष्टागरातला. पोर्तुगीजांनी बांधलेला इथला कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आज त्याच पडक्या तटबंदीच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. जमीन रेताड, त्यामुळे पाणी घातलं की खाली जातं आणि खतही त्याच्याबरोबर वाहून जातं. पोफळीची मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यांना कायम ओल लागते. म्हणून वाडीतला पाचोळा, झावळ्या, केळीचे सोप वाडीतच राहायचे, आळ्यात पसरायचे आणि तिथेच कुजायचे. जोडीला गोठ्याचं शेणखत. किनाऱ्यावर कुजलेल्या मासळीचं खतही घालत आले आहेत. ते आपल्याला चालणारं नाही, आणि दुकानात मिळणारा हाडांचा चुराही नाही. म्हणूनच जैन घराच्या वाडीला पानांच्या खताची गरज इतरांपेक्षा जास्त.

या कुजवण्याला शास्त्राची बैठक मिळाली ती इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांच्या सोबतीने खताची पद्धत बसवली, आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघालं. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ते ओले ठेवायचे, तीन वेळा उलटायचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार. एप्रिल १९३५ मध्ये गांधीजींनी इंदूरला जाऊन ही पद्धत पाहिली. आपल्या कोकणातही ‘कोकण गांधी’ अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सफाई आणि खत यांची सांगड घातली. मैला म्हणजे हलकं काम, ही समजूत मोडण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं.

इंदूरच्या ढिगाचं एक वैशिष्ट्य मात्र आपण नीट समजून घ्यायला हवं. तो आतून ६० अंशांच्याही पुढे तापतो. त्यात माशांची अंडी-अळ्या मरतात, हा शेतकी शास्त्रात त्याचा गुण मानतात. आपल्यासाठी तीच काळजीची बाब आहे.

पुढची पायरी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदची. नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हे नाव पडलं. त्यांचं टाकं विटांचं, भिंतींना हवा जायला भोकं. साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, सुमारे १०० किलो शेण आणि चाळलेली कोरडी माती यांचे थर भरून वरून लिंपून घ्यायचं. ९० ते १२० दिवस ढीग उलटायचा नाही. शेण थोडं लागतं आणि आतल्या जीवांना फावड्याने ढवळावंही लागत नाही.

मग चालतं का? जीव अजिबात दुखावणार नाहीत अशी एकही वाट नाही, हे आधी मान्य करू. पाचोळा जाळला तर अग्निकायाची हिंसा होते, शिवाय पानांखालचे किडे होरपळतात. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सालं टाकली तर ती आत सडतात, आणि गाय पिशवीसकट खाते. त्यापेक्षा हवेशीर जागी, पानांखाली हळूहळू कुजू देणं यात हिंसा कमी आहे, असं माझं मत आहे. गांडुळं विकत आणून खत करणं मला पटत नाही. जीवांचा व्यापार कशाला? ओल असली की ती आपली आपण येतात. अंतिम शब्द अर्थात आपापल्या गुरुमहाराजांचा.

जयणा ठेवून करायचं ते असं. उष्टं, शिजलेलं अन्न त्यात घालायचंच नाही, ते ताटात उरूच द्यायचं नाही. सालं त्याच दिवशी घालून वर दुप्पट कोरडा पाचोळा पसरायचा. ओल इतकीच, की मूठ दाबली तर पाणी ठिबकणार नाही. मग वासही येत नाही आणि माशाही होत नाहीत. ढीग मोठा आणि उंच करायचा नाही, म्हणजे फार तापत नाही. दिवाळीनंतर सुरुवात करावी, वैशाखात खत आळ्यात पसरावं आणि आषाढी चौमासीच्या आधी खणण्याचं काम संपवावं. पावसात जमीन जीवांनी भरलेली असते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी नारळी-पोफळी आडव्या केल्या. झाड गेलं की सावली जाते आणि जमिनीवर पडणारं पानही जातं. नवी पोफळ फळाला यायला वर्षं लागतात. तोवर त्या रेतीला ओल धरायला शिकवेल तो हा पाचोळाच. तो काडेपेटीच्या स्वाधीन करू नका.