तांब्यातून नळाकडे : तोंड धुण्याचा छोटा इतिहास

मंडळी, आजचा विषय ऐकून काहीजण हसले, ते मी पाहिलं. तोंड धुण्याचा कसला आलाय इतिहास? पण आधी भाषाच बघा. आपली आजी 'दात घासलेस का' असं विचारत नव्हती, 'तोंड धुतलंस का' असं विचारायची. म्हणजे पाणी त्या शब्दातच होतं. आणि पाणी म्हणजे एक तांब्या.

तो तांब्या कुणीतरी भरून आणलेला असे. आड परसात असेल तर ठीक, नाहीतर नदीवरून डोक्यावर घागर घेऊन घरातली बाई यायची. त्यामुळे मोरीत बसलेल्या माणसाला दात, जीभ, चूळ, डोळे सगळं त्यातच उरकावं लागे. साधनंही तशीच होती. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चावत माणूस गावभर फिरून येई. राखुंडी बोटानं घासली की दोन-चार चुळांत काम झालं. (मशेरी हा याच घराण्यातला वाया गेलेला मुलगा! तव्यावर भाजलेला तंबाखू दातांसाठी म्हणून तोंडात गेला आणि कितीतरी बायकांना व्यसन लावून बसला.)

'पूर्वीचे लोक पाणी किती जपून वापरायचे' असं आपण कौतुकानं म्हणतो. इथे मला थोडं थांबायचंय. महाडचं चवदार तळं घ्या. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक ते पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना मारहाण झाली आणि पुढे तळं 'शुद्ध' केलं गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. तेव्हा ज्याला आपण काटकसर म्हणतो, ती कित्येकांच्या बाबतीत मनाई होती. ओंजळभर पाण्यात चूळ भरणारा प्रत्येकजण हौसेनं भरत नव्हता.

त्याच १९३७ मध्ये कोलगेटची भारतातली कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला. आपल्याकडे मात्र पावडर बरीच वर्षं टिकली. विको कंपनी १९५२ ची, आणि तिची सुरुवात वज्रदंती पावडरीनं झाली. पेस्टला फेस येतो, फेस जायला चुळा जास्त लागतात, हे खरंय. पण पाणी खरं वाढलं ते नळामुळे. मुंबईत विहार तलावाचं पाणी १८६० साली आलं, मग तुळशी, मग १८९२ मध्ये तानसा. तरी चाळीत नळ सामाईक, पाणी ठरावीक वेळी, मागे रांग. तिथे कोण नळ सोडून उभा राहणार? ती चैन आली घरातल्या बेसिनबरोबर. तांब्या आपण हातानं कलता करतो, संपत आला की कळतं. नळाचं तसं नाही. मिनिटाला पाच-सहा लिटर सहज जातं, म्हणजे दोन मिनिटं ब्रश केलं तर बादलीभर.

माझी आजी गावाहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा नळाखाली तांब्या भरून बेसिनच्या कडेवर ठेवायची. कड उतरती होती. तांब्या रोज घसरून खाली पडायचा, आणि त्या आवाजानं सगळं घर जागं व्हायचं.