नाण्याच्या काठावरचं नाव

आज लढाई नाही, एका पाटीची गोष्ट. पण तिचा धागा थेट सातवाहनांपर्यंत जातो.

माझ्या कंपनीतला एक हवालदार काश्मीरमध्ये कामी आला. सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावानं वाचनालयाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं. पाटी माझ्याकडून. लाकडाची, गोल, आणि वरच्या कडेनं कमानीसारखं नाव. मी राहतो बेंगळुरूत, सर्जापूर रोडला. इथल्या एका दुकानात संगणकावर नाव वळवून घेतलं आणि बघतो तर शिरोरेषेचे तुकडे! प्रत्येक अक्षर वेगळं, मधे फटी. त्याच दुकानात कन्नड पाट्या मात्र गोलाईवर छान बसलेल्या.

कारण साधं आहे. कन्नड अक्षरं एकमेकांना जोडलेली नसतात. आपली देवनागरी एका रेघेनं बांधलेली. सॉफ्टवेअर अक्षरांचे पाय कमानीवर ठेवतं आणि एकेक अक्षर फिरवतं. मग पाय जवळ राहतात, डोकी पंख्यासारखी फाकतात आणि रेघ तुटते.

ही अडचण सातवाहनांना नव्हती. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. मूळ नाणी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि काठानं ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं आणि साठ्यातल्या बहुतेक नाण्यांवर आपला ठसा मारला. नाणी वितळवली नाहीत. त्यामुळे कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखाली नहपानाची अक्षरं आजही डोकावतात. कोणी कोणाला हरवलं, याचा पुरावा हातात धरता येतो.

गौतमीपुत्राचं नावही काठानं गोल फिरतं. ब्राह्मीला सलग शिरोरेषा नाही, अक्षरं सुटी. कारागिरानं एकेक अक्षर वळणावर बसवलं की काम झालं. पुढे शिवरायांच्या शिवराईवर देवनागरी आली, तेव्हा एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरं आडव्या ओळींत बसली. नाणं गोल, अक्षरं सरळ.

मग माझ्या पाटीचं काय? दुकानदार म्हणाला, ‘सर, लांबून कळत नाही.’ मीही क्षणभर ‘चालेल’ म्हणणार होतो. पण हवालदाराची आई आठवली. नव्वदीची, निरक्षर. घरातल्या तसबिरीखालचं मुलाचं नाव इतकी वर्षं पाहून तिला त्या अक्षरांचा आकार तेवढा पाठ आहे. तुटलेलं नाव तिनं ओळखलं नसतं.

रात्री स्वतः संगणकासमोर बसलो आणि उमगलं. आपली अक्षरं रेघेवर उभी नसतात, रेघेला टांगलेली असतात. म्हणून पाय नाही, शिरोरेषा कमानीवर आणायची. मजकूर खाली सरकवला, डोकी जुळली. कमानीचा घेर मोठा केला, म्हणजे खालचे उकार एकमेकांवर चढेनात. मग अक्षरांचं आकृतीत रूपांतर केलं, सरळ तुकडे काढले आणि एकच वळणदार शिरोरेषा ओढली. नाव पुन्हा अखंड झालं.

नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला. क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणून आपल्या गेलेल्या मुलाचं वर्णन आजीनं त्यात करवून ठेवलं आहे. नाणी त्यानं पाडली, पण त्याची कीर्ती दगडात ठेवली ती आईनं.

पाटी लागली त्या दिवशी म्हातारीला स्टुलावर उभं केलं. तिनं शिरोरेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. कुठे अडलं नाही.

जय हिंद.