आयनिक बंध व सहसंयुज बंध

अणूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या विद्युत आकर्षणाला रासायनिक बंध म्हणतात. एका अणूने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला की आयनिक बंध. दोघांनी इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवली की सहसंयुज बंध. पालघर जिल्ह्यात दोन्ही एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात. वसई-विरारकडच्या मिठागरांत पहिला, बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रंगांच्या व औषधांच्या कारखान्यांत मुख्यतः दुसरा.

1916 साली जर्मनीत वाल्टर कोसेल यांनी पहिल्याची आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी दुसऱ्याची मांडणी केली. शेवटच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असले (हायड्रोजनला दोन पुरतात) की अणू स्थिर होतो, हा दोघांचा समान पाया.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमचे इलेक्ट्रॉन 2, 8, 1 असे मांडलेले असतात, क्लोरीनचे 2, 8, 7. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की धन आणि ऋण आयन तयार होतात. सोडियम इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुकच असतो, असे वर्गात सांगतात. ते खरे नाही. तो काढायला दर मोलला सुमारे 496 किलोजूल ऊर्जा लागते आणि क्लोरीनने तो घेतल्यावर जेमतेम 349 परत मिळते. ही तूट भरून निघते ती स्फटिक बांधला जाताना, कारण सुटे आयन त्याच्या जालकात, म्हणजे नियमित चौकटीत, बसले की सुमारे 787 किलोजूल मोकळे होतात. जालकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात, जोडी कुणाचीच ठरलेली नसते. म्हणून ‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग शाळेतूनच बंद व्हावा. या चहूबाजूंच्या पकडीमुळेच मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते.

तरीही तेच मीठ साध्या पाण्यात सहज विरघळते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्यात सहसंयुज बंध असतो, पण वाटणी समान नसते. ऑक्सिजन जोडी आपल्याकडे ओढतो आणि रेणूला किंचित ऋण व किंचित धन अशी टोके येतात. ही टोके आयनांना घेरतात आणि जालकातून सोडवतात. 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावते. समुद्राच्या एका लिटरात सारे क्षार मिळून सुमारे 35 ग्रॅम. मिठागराच्या वाफ्यांत ऊन हे अंतर कापते. पाणी आटत जाते, आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियमचे क्षार कडवट पाण्यात मागे राहतात.

दोन बंधांमध्ये पक्की भिंत नाही. लायनस पॉलिंग यांच्या विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची क्षमता) मोजपट्टीवर सोडियम 0.93, क्लोरीन 3.16, कार्बन 2.55, हायड्रोजन 2.20. फरक मोठा तर बंध आयनिकाकडे झुकतो, लहान तर सहसंयुजाकडे. 1.7 ही सांगितली जाणारी सीमा ढोबळ आहे. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांत वापरले जाणारे जड पाणीही सहसंयुजच, कारण बंध इलेक्ट्रॉनांचा असतो. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी असलेल्या ड्युटेरियमच्या जादा न्यूट्रॉनने बंधाचा प्रकार बदलत नाही.

रंगाच्या कारखान्यात दोन्ही बंध एकाच पदार्थात भेटतात. ॲझो रंगाचा सांगाडा कार्बनच्या वलयांचा आणि त्यांना जोडणाऱ्या नायट्रोजनच्या जोडीचा, म्हणजे सगळा सहसंयुज. रंगछटा या सांगाड्यातूनच येते. पण अशा बऱ्याच रंगांच्या कडेला सल्फोनेट गट असतो आणि त्याच्याशी सोडियम आयनिक बंधाने राहतो, म्हणून रंग पाण्यात विरघळतो. तयार झालेला रंग पाण्यातून बाहेर काढायचा तर रिॲक्टरमध्ये साधे मीठ टाकतात. सोडियम आयनांची गर्दी वाढते, रंग विरघळलेला राहू शकत नाही, खाली बसतो आणि फिल्टर प्रेसमध्ये त्याचा केक मिळतो. कापडावर मात्र रंग टिकवायला सहसंयुज बंध लागतो. 1956 साली बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग सुताच्या सेल्युलोजशी असा बंध जोडतात, म्हणून ते धुण्याने सहसा जात नाहीत.

रंग गाळल्यावर उरलेल्या पाण्यात थोडा रंग आणि पुष्कळ मीठ असते. ते कारखान्याच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया संचातून (ईटीपी) सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आणि तिथून नवापूरच्या समुद्रात जाते. या प्रदूषणाविरुद्ध किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना पर्यावरण भरपाई भरण्याचा आदेश दिला. यात रसायनशास्त्राचा एक मुद्दा आहे, जो चर्चेत क्वचित येतो. केंद्रातले जिवाणू सहसंयुज बंध तोडतात, कार्बनी पदार्थ खातात आणि पाण्याची सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) उतरते. बेंझिन वलयांचे रंग त्यांना जड जातात, पण तेही ओझोनसारख्या ऑक्सिडीकारकाने फोडता येतात. सोडियम आणि क्लोराइड आयनांत तोडण्यासारखे काही उरलेलेच नसते. ते टाकीतून जसे आले तसेच बाहेर पडतात, टीडीएसचा (एकूण विरघळलेल्या घन पदार्थांचा) आकडा तिथेच राहतो. त्यांना वेगळे करायचे तर पटलातून पाणी दाबून काढावे लागते नाहीतर आटवावे लागते. मिठागरात ते काम ऊन फुकट करते, कारखान्यात त्यासाठी वाफ आणि वीज खर्चावी लागते.