दिढीचं गणित
मुरबाडचा माझा मामेभाऊ यंदा 18 वर्षांचा झाला. ‘दादा, एसआयपी कुठली घेऊ?’ असं विचारत होता. मी त्याला आजोबांकडून ऐकलेली दिढी सांगितली.

आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की आमच्या शहापूर-मुरबाडकडची माणसं सावकाराकडून खावटीचं भात उचलत आणि सुगीला मणाचे दीड मण मोजत. चार-पाच महिन्यांत 50 टक्के! थकलं तर दुसऱ्या सुगीला सव्वादोन मण, पाचव्या सुगीला साडेसात मणांवर. चक्रवाढ मी शाळेत शिकलो, आजोबांना ती खळ्यावर कळली. व्याज मुद्दलापेक्षा वाढू न देणारा दामदुपटीचा जुना नियम होता म्हणे. पण तो कोर्टात, खळ्यावर कोण विचारतो? उभं पीक आगाऊ विकणं म्हणजे पालेमोड. आदिवासींची त्यातून सुटका व्हावी म्हणून सरकारने 1976 साली कायदा करून एकाधिकार खरेदी आणली.

‘चार महिने काम नसलं तर घरात काय आहे?’ मी विचारलं. तो गप्प.

‘मग आधी पोस्टात खातं काढ.’

‘तिथे 4 टक्केच मिळतात.’

‘आणि मोबाइलचा हप्ता किती टक्क्यांनी आहे?’

ते त्याने पाहिलंच नव्हतं. सात हप्ते बाकी आहेत. ते आधी फेडायचं ठरलंय.