लशीला यजमान हवा

देवीच्या लशीचा भारतातला इतिहास बहुतेकदा ज्ञान आणि अंधश्रद्धा यांच्या झुंजीसारखा सांगितला जातो. एकीकडे शीतळादेवीला नवस बोलणारी प्रजा आणि दुसरीकडे टोचायची सुई घेतलेला सरकारी डॉक्टर. या मांडणीत खुद्द विषाणू मात्र बेदखल राहतो. देवीचा विषाणू आणि लशीतला विषाणू हे दोघेही डीएनए बाळगणाऱ्या एकाच कुळातले. डीएनए विषाणूंपैकी बहुतेकांना वाढण्यासाठी पेशीच्या केंद्रकात शिरावे लागते; हे कूळ केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवातच वाढते, कारण डीएनएवरून आरएनए उतरवणारे एन्झाइम ते सोबत घेऊन येते. तरीही प्रथिने घडवायला त्याला जिवंत पेशीचाच, म्हणजे यजमानाचा, आधार लागतो. पश्चिम भारतातल्या लसीकरणाचे बरेचसे यशापयश या एका गरजेने ठरवले, असे पुरावे नीट लावून पाहिले की दिसते.

एडवर्ड जेन्नरने १७९६ साली पहिली लस टोचली आणि १७९८ मध्ये आपला ग्रंथ छापला. त्यानंतर लस हिंदुस्थानात आणण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले, पण दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवलेली लस लांबच्या सागरी प्रवासात, उष्ण हवेत निकामी होई. अखेर व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांनी पाठवलेली लस कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा अशा टप्प्यांनी, वाटेत माणसांच्या दंडांवर ताजी होत मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. तिच्या फोडातला द्रव आणखी मुलांना टोचला गेला आणि तिथून लस मद्रास, कलकत्ता असा प्रवास करत गेली. याच सुमारास, १८०३ मध्ये, स्पेनने अमेरिकेतल्या वसाहतींकडे बावीस अनाथ मुले जहाजाने रवाना केली. वाटेत त्यांना क्रमाक्रमाने टोचून लस जिवंत ठेवायची, हाच त्यामागचा हेतू. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती, पण लशीला यजमान लागतो हे व्यवहाराने पुरते शिकवले होते.

यावर आक्षेप असा येईल, की लोकांचा विरोध तर खरा होता. तो धर्मश्रद्धेतून आला नव्हता काय? काही अंशी आलाही असेल. पण बंगालमध्ये देवीच्या रोग्याचाच पू निरोग्याच्या कातडीत टोचण्याची रीत शीतळेच्या पूजेसह चालत असे. हॉलवेल या ब्रिटिश डॉक्टरने १७६७ साली तिचे सविस्तर वर्णन केले आहे, आणि ती बंद पाडायला सरकारला १८६५ मध्ये कायदा करावा लागला. म्हणजे देवी मानणाऱ्यांना टोचून घेण्याचे वावडे नव्हते. नवी पद्धत मात्र एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जाई. आठवडाभराने भरलेला फोड फोडून त्यातला द्रव काढायचा, तोही कोणाच्या तरी तान्ह्या लेकराचा. आईने त्याला का म्हणून राजी व्हावे? कोणत्या जातीच्या, कोणत्या प्रकृतीच्या मुलाचा द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, हा प्रश्नही होताच. प्रकृतीची शंका तर निराधार नव्हतीच: इटलीतल्या रिव्हाल्टा इथे १८६१ मध्ये अशा टोचणीतून मुलांना उपदंश झाला, आणि इंग्लंडनेही दंडावरून दंडावर टोचणे १८९८ मध्ये बंद केले. ज्याला अडाणीपणा म्हटले गेले, त्यातला काही भाग यजमान म्हणून वापरले जाण्याला दिलेला नकार होता.

यावरचा तोडगाही यजमान बदलण्याचाच निघाला. लशीतला विषाणू गाय, म्हैस, ससा अशा अनेक प्राण्यांत वाढतो. म्हणून वासराच्या कातडीवर लस पिकवणे शक्य झाले. मुंबईत या कामाशी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी अनंत चंद्रोबा यांचे नाव जोडलेले आहे. पुढे बेळगावच्या लस संस्थेत लशीचे उत्पादन होऊ लागले.

मग वासरू मिळाल्यावरही देवी जायला इतका काळ का लागला, हा दुसरा आक्षेप. पैसा, कर्मचारी, अंमलबजावणी यांची कमतरता नाकारता येत नाही. पण ओली लस उन्हाळ्यात खेड्यापर्यंत टिकत नव्हती. गोठवून वाळवलेली टिकाऊ लस विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. आणि निर्णायक घाव बसला तो रोगाच्या विषाणूची यजमाननिवड ओळखल्यावर. देवीचा विषाणू फक्त माणसात राहतो, जनावरांत त्याला आसरा नाही. रोगी पुरळावरून ओळखता येतो, बरा झाल्यावर सहसा पुन्हा रोगी होत नाही. म्हणून सरसकट टोचणीच्या जोडीला रोगी शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्यांना टोचायचे, या पद्धतीने १९७४ च्या मोठ्या साथीनंतर वर्षभरात, मे १९७५ मध्ये, भारतातला शेवटचा रोगी नोंदला गेला.

लशीच्या विषाणूची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींच्या देवीच्या साथी आल्या. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींबरोबर माणसांनाही फोड आले. हा विषाणू लशीतल्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग आहे आणि तो लशीतूनच निसटला असावा, असा अनेक संशोधकांचा तर्क आहे. एकाच कुळातल्या दोघांचे भवितव्य यजमानांच्या संख्येने वेगळे केले: एकालाच धरून राहिलेला नाहीसा करता आला, अनेकांत वाढणारा गोठ्यात टिकून राहिला. साथीचा इतिहास लिहिताना लोकांच्या श्रद्धांआधी विषाणू कोणाच्या पेशीत जगतो हे विचारले, तर लोकांना दोष देण्याची पुष्कळशी गरज उरत नाही.