पिळाची कुळकथा

अतिवाहक तारेचा रोध शून्य, हे शाळेतच शिकवतात. तो शून्य फक्त स्थिर प्रवाहापुरता, हे सांगायचं राहून जातं. भोवतीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं की हीच तार तापते, आणि उणे 269 अंशांवर साचलेली एक वॅट उष्णता उपसायला बाहेर शेकडो वॅट खर्ची पडतात. या तापावरचा उतारा म्हणजे तारेला दिलेला पीळ. त्याचं मूळ शोधत मागे मागे गेलो, तर गाठ पडली टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलशी!

सुरुवातीचे टप्पे सर्वपरिचित आहेत. 1911 मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात अतिवाहकता सापडली; साठच्या दशकात नायोबियम-टायटॅनियमच्या तारा आल्या. चार्ल्स बीन यांनी 1962 मध्ये मांडलेल्या प्रतिमानातून कळलं, की तंतू जितका बारीक तितका त्याच्या आतला ऊर्जेचा ऱ्हास कमी. मग तांब्यात हजारो बारीक तंतू बसवण्यात आले.

पण तांब्यानं घात केला. बदलत्या क्षेत्रामुळे प्रवाह एका तंतूतून जातो, तांबं ओलांडतो आणि दुसऱ्या तंतूतून परततो. तार लांब असली की हजार तंतू मिळून एका जाड तंतूसारखे वागतात. 1970 च्या सुमारास इंग्लंडच्या रदरफोर्ड प्रयोगशाळेत मार्टिन विल्सन आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय पक्का केला: तारेला पीळ द्या. दर अर्ध्या वेढ्याला तंतूंची बाजू उलटते, प्रेरित विद्युतदाब एकमेकांना खोडतात. वेढ्याची लांबी निम्मी केली, तर हा ऱ्हास चौथ्या हिश्श्यावर येतो. बेलनं 1881 च्या पेटंटमध्ये टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, त्या शेजारच्या तारांची खरखर अशीच खोडून काढायला. युक्ती तीच, फक्त खरखरीच्या जागी उष्णता.

काही जण पिळाचं हे पितृत्व रेडिओतल्या अनेक पेडांच्या लिट्झ तारेला देतात. मला ते पटत नाही. लिट्झचा प्रत्येक पेड इनॅमलनं वेगळा केलेला असतो. अशा अनेक तारा पेड म्हणून गुंफलेल्या अतिवाहक केबलमध्ये एखादा पेड अडखळला तर प्रवाहाला शेजारच्या पेडात सरकता आलं पाहिजे. म्हणूनच 1983 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन या कणत्वरकाच्या 'झेब्रा' केबलमध्ये निम्म्या पेडांवर ऑक्साइडचा थर होता आणि निम्म्यांवर कथील-चांदीचा.

शिवाय नुसता पीळ केबलच्या स्वतःच्या क्षेत्रापुढे हतबल ठरतो, कारण बाहेरचा पेड कितीही पिळला तरी बाहेरच राहतो. त्यासाठी प्रत्येक पेडानं आळीपाळीनं प्रत्येक जागा घ्यावी लागते. इथे माझा दुसरा उमेदवार येतो: मॅनहाइमच्या ब्राउन बोव्हेरीतले लुडविग रोबेल. मोठ्या जनित्रांच्या खाचेत बसणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांना अशी जागापालट त्यांनी 1912 मध्येच शिकवली होती. रोबेलच्या पट्ट्यांवरही इन्सुलेशन असतं, हा आक्षेप रास्त आहे. पण माझा दावा ठेवणीपुरता आहे. जिनिव्हाच्या एलएचसी या कणत्वरकातल्या चुंबकांच्या आतल्या थराची केबल पाहा: 28 पेड, रुंदी सुमारे 15 मिलिमीटर, आणि दर 115 मिलिमीटरला प्रत्येक पेड कडेकडेनं फिरून मूळ जागी येतो. पेडाच्या आत सात मायक्रॉनचे तंतू, त्यांना 18 मिलिमीटरचा पीळ. चपटी, आयताकृती, पूर्ण जागापालट झालेली ही ठेवण रोबेलच्याच घरची वाटते. कार्ल्सरूहच्या संशोधकांनी उच्च तापमानाच्या अतिवाहक पट्ट्या नागमोडी कापून गुंफल्या, तेव्हा त्या केबलला उघडपणे रोबेलचंच नाव दिलं.

माझ्या मते पीळ बेलचा आणि जागापालट रोबेलची. एलएचसीतल्या केबलला मात्र जगभर रदरफोर्ड केबल म्हणतात, आणि 1937 मध्ये वारलेल्या अर्नेस्ट रदरफोर्ड यांचा तिच्याशी संबंध प्रयोगशाळेच्या पाटीपुरताच आहे.