दिशाहीनतेचा पूर्वेतिहास : संगमनेरच्या निमित्ताने

साठोत्तरी मराठी कादंबरीची चर्चा करताना विशीतला दिशाहीन तरुण ही त्या काळाने जन्माला घातलेली व्यक्तिरेखा आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकाचे वय पंचवीस होते आणि तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही त्याच वयाचा आहे. खानदेशातील खेड्यातून तो पुण्याला येतो. शिकायला येतो, परंतु शिकून काय व्हायचे हे त्याला ठाऊक नाही; वसतिगृह, खानावळ, मंडळे, मित्र यांत वर्षे जातात आणि अखेर तो गावी परततो. या तुटलेपणाचा उलगडा समीक्षेने कधी अस्तित्ववादाच्या आधारे, कधी कामू-सॅलिंजर यांच्याशी तुलना करून, तर कधी देशी परंपरेचा शोध घेऊन केला. या उलगड्यांत परस्परविरोध पुष्कळ असला तरी एक गृहीतक समान आहे : दिशाहीनता ही जाणिवेची अवस्था आहे, ती आतून येते. ती अनुभवण्यासाठी माणसाजवळ आधी काय असावे लागते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

तो विचारायचा तर 'दिशा' या कल्पनेचाच इतिहास पाहावा लागतो. व्यक्तीने आपल्या आवडीनिवडीनुसार व्यवसाय निवडावा आणि निवडता न आल्यास व्याकूळ व्हावे, ही गोष्ट मराठी समाजात फार जुनी नाही. वतन, वृत्ती, बलुतं हे शब्द ज्या व्यवस्थेचे आहेत तिच्यात जन्माबरोबरच काम मिळत असे. त्या व्यवस्थेबाहेर पडून शहरी येणाऱ्यासाठीही एक शब्द होता, 'उमेदवार'. आज तो निवडणुकीपुरता आणि नोकरीच्या अर्जापुरता उरला आहे. परंतु उमेदवार म्हणजे मुळात आशेवर असलेला, कोणाच्या तरी पदरी, कचेरीत अथवा पेढीवर विनावेतन राबत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा. उमेदवाराला दिशा असण्याची गरज नव्हती. त्याला आश्रयदाता, दोन वेळचे जेवण आणि धीर असला की पुरे होते. वाट पाहण्याच्या काळालाही तेथे नाव होते, त्याची एक रीत होती.

या इतिहासाचे एक टोक संगमनेरला सापडते. प्रवरेकाठचे हे गाव पुणे आणि नाशिक यांना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे. रेल्वे त्याच्या वाट्याला कधी आली नाही. त्यामुळे येथून बाहेर पडणाऱ्याच्या मनात शहर म्हणजे आधी रस्ता असतो, स्टेशन नव्हे. उत्तर पेशवाईतला शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) याच गावचा. आडनाव घोलप, जातीने ब्राह्मण. मलिक फंदी नावाच्या फकिराशी असलेल्या स्नेहामुळे 'फंदी' हे नाव त्याला चिकटले, अशी परंपरा आहे. ब्राह्मणाच्या मुलाने तमाशाच्या फडात उभे राहणे हा त्या काळी ठरलेला मार्ग नव्हता. सोलापूरच्या राम जोशी याला याच छंदापायी थोरल्या भावाने घराबाहेर काढल्याची कथा आहे. फंदीच्या बाबतीत अशी कथा नाही. तो फडाबरोबर फिरत राहिला. पुण्याचा दरबार, होळकरांचे महेश्वर ही त्याच्या फिरतीतली ठिकाणे. महेश्वरी अहिल्याबाईंनी ब्राह्मणाने तमाशा करावा याबद्दल बोल लावला आणि तेव्हापासून तो कीर्तनाकडे वळला, असे सांगितले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्याने सवाई माधवरावाच्या मृत्यूवर 'माधवनिधन' हे ओवीबद्ध काव्य रचले.

या सगळ्या भटकंतीनंतर फंदी मराठी माणसाच्या स्मरणात राहिला आहे तो मात्र एका उपदेशपर फटक्यामुळे. रुळलेली वाट सोडू नये, घरसंसारात स्थिर राहावे, उगाच हिंडू नये, असे तो फटका सांगतो. ज्याने स्वतः यातले काहीच केले नाही त्याने हा उपदेश करावा, ही विसंगती पुष्कळांच्या ध्यानात आलेली आहे आणि पश्चात्तापाची कथा पुढे करून ती मिटवलीही जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, हा उपदेश कोणाला उद्देशून आहे, हा आहे. फटक्यातील श्रोत्याच्या हाती तराजू आहे, म्हणजे त्याचा काही देण्याघेण्याचा व्यवहार आहे. तो दुसऱ्याला जामीन राहू शकतो, म्हणजे त्याची पत आहे. गरिबावर गुरगुरण्याचा मोह त्याला होऊ शकतो, म्हणजे त्याच्या पाठीशी कोणाचे तरी बळ आहे. रुळलेली वाट ज्याच्या दारावरून जाते त्यालाच ती सोडू नकोस असे सांगता येते. फंदीच्या फटक्यात भटकण्याचा निषेध आहे, पण त्या निषेधात एक कबुलीही दडलेली आहे : भटकणे ही घर असलेल्याची चैन आहे आणि परत येण्याचा रस्ता उघडा असतो म्हणून तिला चूक म्हणता येते.

(संगमनेरहून फार दूर नसलेल्या सिन्नर तालुक्यातील वावी येथे राहून कवने करणारा शाहीर परशराम हा शिंपी होता. त्याच्याभोवती भटकंतीच्या दंतकथा जमल्या नाहीत, यात कदाचित शिवणकामाचाही वाटा असावा.)

याच परिसरातून दोन शतकांनंतर जो दुसरा माणूस मोठ्या शहराकडे निघाला त्याच्या दारावरून अशी वाट जात नव्हती. दया पवार, म्हणजेच दगडू मारुती पवार, यांचा जन्म १९३५ साली अकोले तालुक्यातील धामणगावचा. अकोले आणि संगमनेर हे दोन्ही तालुके प्रवरेच्या खोऱ्यातले. वरच्या अंगाला १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर खालच्या पट्ट्यात ऊस आला, १९५०च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धामणगावच्या महारवाड्याला या पाण्याचा काय लाभ झाला असेल ते 'बलुतं' वाचणाऱ्याला सांगावयास नको. दगडूचे बालपण काही काळ मुंबईत नागपाड्याजवळच्या कावाखान्यात गेले. वडील गोदीत कामाला होते. पुढे आईबरोबर तो गावी आला. माध्यमिक शिक्षणासाठी संगमनेरच्या वसतिगृहात राहिला आणि मॅट्रिकनंतर, विशीच्या उंबरठ्यावर, पुन्हा मुंबईला गेला. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याला नोकरी लागली. नंतर बरीच वर्षे रेल्वेच्या हिशेब खात्यात गेली.

ही नोकरी कोणत्याही ध्येयाची फलश्रुती नव्हती, हे 'बलुतं'मधून स्पष्ट दिसते. कविता लिहिणाऱ्या, चळवळीत ओढला जाणाऱ्या, घरासाठी वणवण करणाऱ्या या तरुणाला पशुवैद्यकाशी काही देणेघेणे नव्हते. आज ज्याला करिअर म्हणतात त्याचा विचार त्याच्या निवेदनात जवळजवळ नाहीच. तरीही 'कोसला'च्या निवेदकाला जशी दिशाहीनता छळते तशी ती दगडूला छळत नाही. त्याला छळतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत : लाज, संशय, मोडलेला संसार, आईचे कष्ट. यामागचे कारण पुस्तकाच्या नावातच आहे. बलुतं म्हणजे वंशपरंपरागत चाकरीबद्दल धान्यात मिळणारा वाटा. दगडूचे करिअर त्याच्या जन्माआधीच ठरलेले होते : येसकरी, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जाणे, मेलेले जनावर ओढणे, दारोदार भाकरी मागणे. त्याच्यासाठी दिशा नसणे ही हरवण्याची खूण नव्हती. जन्मसिद्ध दिशेतून सुटल्याची ती खूण होती. शहरात काय करायचे हे ठाऊक नसणे हा त्याच्या घराण्यात पूर्वी क्वचितच कोणाला मिळालेला अवकाश होता.

हे विधान भाबडे ठरू नये म्हणून दोन गोष्टींची नोंद आवश्यक आहे. पहिली कायद्याची. महार वतनाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात १९२८ साली विधेयक मांडले होते. परंतु कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, म्हणजे दया पवार तेवीस वर्षांचे असताना. मधल्या तीस वर्षांत गाव सोडणे हाच वतन सोडण्याचा हाताशी असलेला उपाय होता. आंबेडकरांनी अनुयायांना शहराकडे वळवले आणि १९४८ साली घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, त्यामागे हा व्यवहार होता. खेडे सोडल्याची हुरहूर ज्या मराठी साहित्यात ओथंबून वाहते त्या साहित्याच्या वाचकाला ही टीका अजूनही झोंबते. दुसरी गोष्ट मुंबईची. हे शहरही कोऱ्या कागदासारखे नव्हते. गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. जास्त पगार त्याच खात्यात असे. भरती जॉबरच्या हाती आणि जॉबर आपल्या गावचे, आपल्या जातीचे हात शोधणारा. त्यामुळे कावाखाना म्हणजे धामणगावचीच शहरात आलेली एक बाजू होती. दिशेतून सुटका झाली ती अर्धीच.

आता 'कोसला'कडे पुन्हा पाहता येते. पांडुरंग सांगवीकरचे वडील शेतीवाडी असलेले, गावात वजन असलेले आहेत. त्यांच्याकडून पैसे येतात, तो ते उधळतो. त्यांच्याविषयी त्याला राग आहे आणि तो राग परवडणारा आहे. पुण्यात सर्व फसल्यावर त्याला सांगवी आहे. सांगवीत परत जाणे अपमानाचे असेल, कंटाळवाणे असेल, पण तेथे घर, शेत आणि नाव शिल्लक आहे. निरर्थकतेचा तो प्रखर अनुभव या सुरक्षिततेच्या आधारावर उभा आहे, असे म्हटल्याने कादंबरीचे मोल तिळभरही उणे होत नाही; उलट नेमाड्यांच्या निवेदकाची तिरकस, स्वतःलाही न सोडणारी भाषा या आधाराची जाण ठेवूनच बोलते. उणेपण असलेच तर ते समीक्षेचे आहे, कारण तिने या एका सामाजिक स्थानावरून दिसलेल्या दिशाहीनतेला तरुणपणाचे सार्वत्रिक लक्षण मानले. दगडूला परतायचे तर कोठे? तेथे सांगवीकराची ओसरी नव्हती. येसकराची काठी होती.

संगमनेरपुरते बोलायचे तर १९६१ साल येथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी गावात महाविद्यालय सुरू झाले. तोवर मॅट्रिकनंतर शिकायचे तर गाव सोडावे लागे. आता पदवी गावात मिळू लागली आणि बाहेर पडण्याचे वय सरकले. पूर्वी अठराव्या वर्षी शिकण्यासाठी निघणारा तरुण आता बाविसाव्या वर्षी पदवी हाती घेऊन, पण काय करायचे हे न ठरवता, पुण्याच्या एसटीत बसू लागला. त्याचवेळी तालुक्यात सहकारी कारखाना, दूध, बँका, शिक्षणसंस्था यांचे जाळे विणले गेले आणि बाहेर न पडणाऱ्यांसाठी एक नवी उमेदवारी निर्माण झाली. या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे रंगनाथ पठारे यांनी 'ताम्रपट' (१९९४) या बृहद् कादंबरीत सहकार, शिक्षण आणि राजकारण यांच्या गुंत्याचा जो आलेख काढला आहे, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. संस्थेत चिकटणे, नेत्याच्या दारी बसणे, जागा निघण्याची वाट पाहणे ही रीत पेशवाईतल्या उमेदवाराला अपरिचित वाटली नसती. ताम्रपट ही वस्तूच मुळी वतनाची सनद, हेही येथे आठवावे.

राहिला प्रश्न रूपाचा. 'कोसला' पंचविशीतल्या अनुभवाविषयी पंचविशीतच लिहिली गेली. 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा दया पवार त्रेचाळीस वर्षांचे होते. मध्ये 'कोंडवाडा' (१९७४) हा कवितासंग्रह येऊन गेला होता. त्या वयाविषयी त्या वयातच लिहिता येणे ही गोष्टही सर्वांना सारखी उपलब्ध नसते. त्यासाठी रिकामा वेळ लागतो, खोली लागते, आणि आपले भरकटणे सांगण्याजोगे आहे असा विश्वास लागतो. तो विश्वास येण्यासाठी दलित साहित्याची चळवळ उभी राहावी लागली. या विलंबाचा ठसा निवेदनावर उमटला आहे. 'बलुतं'मध्ये एक माणूस आपली कथा सांगत नाही. दगडू मारुती पवार ती दया पवारांना सांगतो. शहरातला सुशिक्षित, नोकरदार, लेखक म्हणून ओळखला जाणारा माणूस ऐकणारा आहे, आणि धामणगावहून, संगमनेरच्या वसतिगृहातून आलेला बोलणारा. पांडुरंग सांगवीकर एकट्याने बोलतो, कारण गावातला आणि शहरातला सांगवीकर एकाच नावाने ओळखला जातो. दगडूचे नाव मात्र शहराने बदलले, आणि जुन्या नावाने हाक मारणारे गाव त्याच्या पाठोपाठ कावाखान्यापर्यंत आलेले होते.